पोटातच ओठ शिवला तर वण राहणार नाही, हे कितपत खरं?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंना एकविसावा आठवडा चालू आहे. अॅनोमली स्कॅनमध्ये बाळाचा डाव्या बाजूचा वरचा ओठ दुभंगलेला दिसला. टाळूबद्दल रेडिओलॉजिस्टनी ‘नक्की सांगता येत नाही’ असं लिहिलं आहे. परदेशातल्या दिरांनी एक लेख पाठवला. गर्भाशयात झालेली जखम वणाशिवाय भरते आणि तिकडे पोटातल्या बाळांची ऑपरेशनं होतात, असं त्यात होतं. ताई विचारतात की आपल्या बाळाचं ऑपरेशन आत्ताच, पोटातच करून घेता येईल का? त्यासाठी अमेरिकेला जावं लागलं तरी तयारी आहे.

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मग. गर्भाची जखम वणाशिवाय भरते, हे खरं आहे. पण त्या भरवशावर दुभंगलेला ओठ पोटात शिवणं हा आज कुठेही नेहमीचा उपचार नाही, आणि कुणी करतो म्हणालं तरी मी तुम्हाला तो करून घ्या असं म्हणणार नाही. तिकीट काढू नका. एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तीही सांगतो. ओठावरच्या ज्या वणाची तुम्हाला आत्ता धास्ती आहे, तो या सगळ्यात कमी त्रास देणारा वण आहे. खरा खोडकर वण पडतो तोंडाच्या आत, टाळूवर. तो दिसत नाही, म्हणून त्याची चौकशीही कुणी करत नाही.

घरात कुणीतरी ग्रहणाचा विषय काढला असेलच, म्हणून तेही इथेच निकालात काढू. ग्रहणात विळी हातात धरली, सुईत दोरा ओवला, म्हणून ओठ फाटत नाही. वरचा ओठ घडतो तो गर्भधारणेनंतरच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. तोवर बऱ्याच जणींना दिवस गेलेत हे नुकतं कळलेलं असतं. नाकाकडचा उंचवटा आणि वरच्या जबड्याचा उंचवटा एकमेकांकडे सरकून जुळायचे असतात. एका बाजूला ते पोचले नाहीत की तिथे फट राहते. टाळूचे दोन पडदे सुरुवातीला जिभेच्या दोन्ही अंगांना उभे लोंबत असतात. जीभ खाली गेली की ते आडवे होतात आणि मधोमध शिवण पडल्यासारखे जुळतात. हे काम साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत आटोपतं. जगभरात सुमारे ७०० जन्मांमागे एका बाळात यातलं काहीतरी राहून जातं. म्हणजे तुमच्या बाळाचा ओठ फाटलेला नाही, तो जुळायचा राहिला आहे. फटीच्या दोन्ही कडा नेहमीच्या कातडीने झाकलेल्या, बऱ्या आणि निरोगी आहेत. तिथे जखमच नाही, हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येईल.

आता लेखातल्या दाव्याकडे येऊ. वीस आठवड्यांच्या मानवी गर्भातली जखम कशी भरते याचं वर्णन रोलॅट यांनी १९७९ मध्ये केलं. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल हॅरिसन यांनी पहिली उघडी गर्भशस्त्रक्रिया केली. त्यानंतर त्या गटातल्या स्कॉट अॅडझिक, मायकेल लाँगेकर वगैरे सर्जनांनी मेंढ्यांवर या गोष्टीचा पद्धतशीर पाठपुरावा केला. मेंढीचा गर्भकाळ सुमारे १४५ दिवसांचा असतो. शंभराव्या दिवसाच्या आसपास कोकराच्या कातडीवर दिलेला छेद नंतर शोधूनही सापडत नाही. केसांची मुळंसुद्धा जागच्या जागी परत येतात. १२० व्या दिवसानंतर दिलेल्या छेदाला मात्र वण पडतो. माणसात ही मुदत साधारण चोविसाव्या आठवड्यापर्यंत धरतात.

या मुदतीला दोन अटी आहेत आणि लेखांमध्ये त्या सहसा गाळलेल्या असतात. पहिली अट जखमेच्या आकाराची. त्याच वयाच्या गर्भात दोन-तीन मिलिमीटरची जखम वणाशिवाय भरेल, पण मोठ्या जखमेला वण पडेल. जखम जितकी मोठी, तितकी मुदत अलीकडे येते. दुसरी अट अवयवाची. कातडी वणाशिवाय भरते, पण त्याच गर्भाच्या श्वासपटलाला किंवा जठराला केलेली जखम वण ठेवूनच भरते. म्हणजे ‘पोटातलं सगळंच निर्व्रण भरतं’ हे खरं नाही.

हे गर्भजलामुळे होतं असं आधी वाटलं होतं. ऊबदार, निर्जंतुक पाणी, त्यात वाढीचे घटक, म्हणून जखम सुंदर भरत असेल, असा तर्क होता. तो टिकला नाही. मोठ्या मेंढीची कातडी पोटातल्या कोकराच्या अंगावर लावून तिला छेद दिला, तर त्याच गर्भजलात बुडालेली असूनही तिला वण पडला. उलट मानवी गर्भाची कातडी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या चामडीखाली लावून छेद दिला, तर गर्भजलाचा थेंब नसताना ती वणाशिवाय भरली. म्हणजे गुण कातडीच्या पेशींचा आहे, पाण्याचा नाही. गर्भजलाचे अर्क घातलेली मलमं किंवा वारेपासून बनवलेल्या म्हणून खपवल्या जाणाऱ्या महागड्या क्रीम कुणी गळ्यात मारू लागलं, तर हा प्रयोग आठवा.

पेशींमध्ये वेगळं काय असतं? मोठ्या माणसाला कापलं की रक्त गोठतं, प्लेटलेट्समधून टीजीएफ-बीटा-१ नावाचं प्रथिन सुटतं, पांढऱ्या पेशींची झुंबड उडते आणि फायब्रोब्लास्ट, म्हणजे जखम बुजवणाऱ्या पेशी, घाईघाईने कोलॅजन हे दोरासारखं प्रथिन विणायला बसतात. रोगजंतू आत शिरायच्या आत भोक बुजवणं हे शरीराचं उद्दिष्ट असतं, शोभा नाही. म्हणून कोलॅजनचे दोर एकाच दिशेने, गवताच्या पेंढीसारखे घट्ट बांधले जातात. त्यात केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत. ओठ शिवलेल्या मुलाला मिसरूड फुटतं तेव्हा टाक्यांच्या रेषेवर केस येत नाहीत, ते याच कारणाने. गर्भाच्या जखमेत ही धावपळच नसते. दाह कमी, टीजीएफ-बीटा-१ कमी आणि त्याचा भाऊबंद बीटा-३ जास्त. ह्यालुरोनिक अॅसिड हा पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत पदार्थ भरपूर असतो आणि बराच काळ टिकतो, त्यामुळे पेशींना मोकळं फिरता येतं. प्रकार ३ चं मऊ कोलॅजन जास्त असतं, आणि ते साध्या कातडीसारखंच जाळीदार विणलं जातं. जखमेच्या कडांवर ताणही नगण्य असतो. हा ताण लक्षात ठेवा.

हे सगळं इतकं चांगलं आहे, तर मग पोटातच का करत नाही? वेळेचा हिशोब मांडू. ओठाची फट दिसते १८ ते २० आठवड्यांत. त्यानंतर बाळात आणखी काही दोष आहे का हे पाहायचं, हृदयाची सोनोग्राफी करायची, गरज वाटली तर गर्भजल काढून गुणसूत्रांची तपासणी करायची. तिचा अहवाल यायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर बाविसावा-तेविसावा आठवडा उजाडतो. मुदत चोविसाव्या आठवड्यापर्यंतची, तीही लहान जखमेसाठी. आणि ओठाची जखम लहान नसते. दोन कडा जवळ आणून टाके घातले की ओठ होतो, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं नाही. मघाशी म्हटलं तसं तिथे जखम नसते, ती आम्हाला करावी लागते. कडांची कातडी सोलायची, ओठाचा गोल स्नायू नाकपुडीच्या बुडाशी भलतीकडे चिकटलेला असतो तो सोडवायचा, नाकाची कूर्चा वेगळी करायची, गाल हाडापासून मोकळा करायचा, आणि मग तीन थरांत शिवायचं. वीस आठवड्यांचं बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत साधारण २५ सेंटिमीटर आणि ३०० ग्रॅमच्या आसपास असतं. ओठाची उंची काही मिलिमीटर. कातडी ओल्या टिश्यूपेपरसारखी, टाका ओढला की चिरत जाते. एवढ्याशा जागेत मोठी सोडवणूक केली, तर जखमेचा आकारच निर्व्रण भरण्याची मुदत खाऊन टाकतो. वरवर नुसत्या कडा जोडल्या, तर स्नायू तसाच राहतो आणि जन्मानंतर पुन्हा उघडावं लागतं.

याहून मोठा प्रश्न तुमचा स्वतःचा आहे. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषासाठी, म्हणजे स्पायना बायफिडासाठी, पोटातली शस्त्रक्रिया खरोखर होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीने ती उपयोगी ठरवली. त्याच चाचणीतले तोट्याचे आकडे बघा. पोटात शस्त्रक्रिया झालेल्या गटात ३७ आठवड्यांआधी प्रसूती ७९ टक्के, जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत १५ टक्के. पाणमोट आधीच फुटणं ४६ टक्के विरुद्ध ८ टक्के. सरासरी प्रसूती चौतिसाव्या आठवड्यात. आईच्या गर्भाशयाला नेहमीच्या सिझेरियनच्या जागेच्या वर छेद जातो. त्यामुळे त्या आणि पुढच्या प्रत्येक बाळंतपणात सिझेरियन करावंच लागतं, कळा येऊ देणं धोक्याचं ठरतं. तरीही तिथे ती शस्त्रक्रिया करतात, कारण उघड्या मज्जारज्जूची हानी पोटात दर आठवड्याला वाढत जाते आणि वाट बघितली तर गेलेलं परत येत नाही. ओठाचं तसं नाही. फट विसाव्या आठवड्यात जशी असते तशीच जन्माच्या वेळी असते. वाट बघण्याने बाळाचं काहीही बिघडत नाही. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांना आणि मेंदूला जे धोके असतात, ते ओठावरची एक रेघ वाचवण्यासाठी पत्करायचे, हा सौदा कुठल्याच बाजूने पटत नाही. दुर्बिणीने, छोट्या छिद्रांतून केलं तरी पाणमोट फुटण्याचा प्रश्न सुटत नाही.

मग औषधाने गर्भासारखं भरवता येईल का? हा प्रयत्न गंभीरपणे झाला. मँचेस्टरच्या मार्क फर्ग्युसन यांनी टीजीएफ-बीटा-३ चं इंजेक्शन जखमेच्या कडांना देण्याची कल्पना पुढे नेली. अॅव्होटर्मिन नावाचं ते औषध सुरुवातीच्या चाचण्यांत आशादायक दिसलं, आणि २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्यात नापास झालं. अलीकडे लाँगेकर यांच्याच स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेने उंदरांमध्ये दाखवलं की कातडीवरचा ताण ओळखून एका विशिष्ट प्रकारचे फायब्रोब्लास्ट वण घडवतात, आणि तो ताणाचा निरोप व्हर्टेपोर्फिन या डोळ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या औषधाने अडवला तर जखम केसांसकट भरते. हे काम २०२१ चं. उंदराची कातडी सैल असते, माणसाची ताणलेली. बाळाच्या ओठात घालावं असं त्यातलं काहीही आज माझ्या हातात नाही. पण या संशोधनाने एक गोष्ट पक्की केली, जी जुने सर्जन अनुभवाने जाणत होते. वणाला खतपाणी ताणाचं मिळतं.

आणि ताण कमी करणं मात्र आमच्या हातात आहे. त्याची सुरुवात ऑपरेशनच्या टेबलावर होत नाही, बाळ दहा दिवसांचं असताना होते. गर्भावस्थेचा एक गुण जन्मानंतरही काही आठवडे अंगात उरलेला असतो. आईच्या इस्ट्रोजेनमुळे बाळाच्या कूर्चेत ह्यालुरोनिक अॅसिड जास्त असतं, म्हणून कान-नाकाची कूर्चा पहिल्या सहा आठवड्यांत मेणासारखी वळते. पुढे ती ताठ होत जाते. नेझोअॅल्व्हिओलर मोल्डिंग, आमच्या तोंडी नॅम, ही पद्धत याच गुणावर चालते. टाळूचा साचा घेऊन अॅक्रिलिकची पातळ प्लेट बनवतात, गालांना चिकटपट्ट्यांनी ती धरून ठेवतात आणि दर आठवड्याला एका बाजूने थोडी घासून, दुसऱ्या बाजूने थोडी भर घालून हिरडीचे दोन तुकडे जवळ आणतात. फट ५ मिलिमीटरच्या आत आली की नाकपुडीत शिरणारी छोटी दांडी जोडतात, ती चपटलेली नाकपुडी उचलते. तीन-चार महिन्यांत रुंद फट अरुंद होते, आणि मग ओठ शिवताना कडा ओढून आणाव्या लागत नाहीत. वणाच्या दृष्टीने ही आमच्याकडची सगळ्यात जवळची ‘गर्भासारखी’ सोय.

इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. नॅम म्हणजे दर आठवड्याची खेप. केंद्र शंभर किलोमीटरवर असेल आणि घरी दुसरं लहान मूल असेल, तर हा भार झेपत नाही. अर्धवट सोडलेलं नॅम काहीच न केल्यापेक्षा फारसं बरं नसतं. गालाला पुरळ उठतं, हिरडीवर फोड येतो, प्लेट सैल झाली तर घशाकडे सरकू शकते. जमत नसेल तर नुसती ओठावर मायक्रोपोरची पट्टी लावा. न फुटलेल्या बाजूच्या गालापासून फटीवरून दुसऱ्या गालापर्यंत, किंचित ओढून, दिवसाचे बाराहून जास्त तास. खाली गालांवर हायड्रोकोलॉइडचा, म्हणजे कातडी जपणाऱ्या मऊ चिकटपट्टीचा, तुकडा लावला की कातडी सोलत नाही. त्यानेही फट कमी होते. आणि तुमच्या बाळाची फट अपुरी असेल, म्हणजे नाकाच्या बुडाशी कातडीचा पूल शाबूत असेल, तर यातलं काहीच लागणार नाही.

ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत करतात. दहाचा नियम जुना आहे, पण अजून उपयोगी पडतो. दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो वजन, हिमोग्लोबिन दहा. हा आकडा भूल झेपण्यासाठी आहे. वजन कमी असेल तर महिनाभर थांबा, ओठ कुठे जात नाही. आधी निळ्या शाईने खुणा करतात, मग अॅड्रेनलिन मिसळलेलं भुलीचं इंजेक्शन देऊन सात-आठ मिनिटं थांबतात, म्हणजे रक्त कमी जातं आणि खुणा वाहून जात नाहीत. छेद मिलार्डच्या पद्धतीचा असो, त्रिकोणी असो की फिशरचा, यावर सर्जन तासन्‌तास वाद घालतील. माझ्या मते पद्धतीच्या नावापेक्षा दोन गोष्टींवर निकाल ठरतो. पहिली गोष्ट स्नायू. तो पूर्ण सोडवून आडवा जोडला, ४-० किंवा ५-० च्या (हा आकडा जितका मोठा तितका धागा बारीक) विरघळणाऱ्या धाग्याने ताण त्याच्यावर घेतला, की कातडीचे टाके नुसते कडा टेकवायला उरतात. स्नायू नीट न जोडता कातडीवर भार टाकला, तर रेघ रुंदावते, आणि बाळ हसलं की ओठाच्या बाजूला गोळा येतो. दुसरी गोष्ट ओठाच्या लाल भागाच्या वरची उजळ, किंचित उंच कड, जिला आम्ही व्हाइट रोल म्हणतो. तिथे एक मिलिमीटरची पायरी राहिली तरी समोर बसून बोलणाऱ्याला ती दिसते. बारीक रेघ डोळ्यांना खुपत नाही, पायरी खुपते.

कातडीला ६-० चा धागा वापरतात. न विरघळणारा असेल तर पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात. उशीर केला की टाक्यांच्या भोकांतून कातडी आत उतरते आणि रुळांच्या पट्ट्यांसारख्या आडव्या खुणा कायमच्या राहतात. घरी दिवसातून तीन-चार वेळा सलाइनच्या ओल्या कापसाने खपली पुसायची, वरून व्हॅसलीन किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं. खपली साचली की दाह वाढतो, आणि दाहामुळे वण वाढतो. हा धडा गर्भाच्या जखमेनेच दिलेला आहे.

यानंतरचा काळ आईवडिलांना सगळ्यात जड जातो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. टाके काढल्यावर ओठ सुरेख दिसतो. दीड महिन्याने तोच वण लाल, कडक आणि उंच होतो, ओठ वर ओढल्यासारखा आखूड दिसतो. ऑपरेशन फसलेलं नसतं. कोलॅजनची उभारणी तेव्हा भरात असते आणि आकुंचन करणाऱ्या पेशी जोर लावत असतात. तिसऱ्या महिन्यानंतर ते उतरू लागतं, सहा महिने ते वर्षभरात वण फिका आणि मऊ होतो. ऑपरेशननंतर दोन-तीन आठवड्यांनी मालीश सुरू करा. बोटाच्या टोकाने, रेषेवर दाब देऊन, कातडी न घासता, पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. सिलिकॉन जेलचा पातळ थर लावा. उन्हात नेताना टोपरं आणि सावली. भरल्या जखमेला मूळ कातडीची ताकद कधीच पूर्ण येत नाही, सुमारे ८० टक्क्यांवर ती थांबते, आणि तीन आठवड्यांनी तर जेमतेम पाचवा हिस्सा असते. म्हणून त्या काळात बाळ तोंडावर पडणार नाही एवढं बघा. वणाची दुरुस्ती करायची म्हणून कुणी वर्षाच्या आत पुन्हा कापायला निघालं, तर दुसरं मत घ्या.

आता टाळू. फट फक्त ओठाला असेल तर हा भाग तुम्हाला लागू नाही, पण ते जन्मल्याशिवाय नक्की कळणार नाही. टाळू जोडताना हाडावरचं जाड आवरण दोन्ही बाजूंनी उचलून मध्ये आणतात. रुंद फटीत बाजूंना हाड उघडं पडतं आणि ते आपोआप, आकसत भरतं. तिथे जो पांढरा, ताठ वण पडतो, तो वाढत्या वरच्या जबड्याला लगाम घालतो. खालचा जबडा पुढे वाढत जातो, वरचा मागे राहतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा चेहरा मधोमध बसलेला दिसतो, खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात. श्रीलंकेत मोठेपणापर्यंत ऑपरेशनच न झालेल्या माणसांच्या जबड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांची वाढ बरीच चांगली आढळली. म्हणजे जबडा मुळात वाढायला तयार असतो, त्याला अडवतो तो आमच्या हातचा वण. पोटातल्या शस्त्रक्रियेचं खरं आकर्षण इथे आहे. तंबाखूच्या कुळातली एक वनस्पती गाभण बकरीला ठरावीक दिवसांत खाऊ घातली की पिल्लाची टाळू दुभंगते. अशा पिल्लांची टाळू १४५ दिवसांपैकी पंच्याऐंशीव्या दिवशी पोटातच जोडली, तेव्हा ती वणाशिवाय, थरांसकट भरली. प्रयोग देखणा आहे. पण माणसाच्या गर्भाची टाळू सोनोग्राफीत धड दिसतही नाही, आणि बकरीच्या गर्भाशयाइतकं शांत गर्भाशय बाईचं नसतं.

मग टाळूचं ऑपरेशन मूल मोठं झाल्यावर का करत नाही? कारण बोलणं. मऊ टाळूने नाकाची वाट बंद करता आली नाही, तर ‘प’, ‘ब’, ‘क’ची हवा नाकातून निसटते, मूल गेंगाणं बोलतं. घशात अडवून बोलायची सवय लागली की ती मोडताना स्पीच थेरपिस्टचा घाम निघतो. म्हणून नऊ ते बारा महिन्यांच्या आसपास टाळू जोडतात. २०२३ मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत फक्त टाळू दुभंगलेल्या बाळांचं ऑपरेशन सहाव्या आणि बाराव्या महिन्यात करून तुलना केली. पाच वर्षांच्या वयात टाळू अपुरी पडण्याचं, म्हणजे नाकाची वाट नीट बंद न होण्याचं, प्रमाण लवकरच्या गटात ८.९ टक्के आणि उशिराच्या गटात १५ टक्के होतं. पण ती बाळं अन्यथा सुदृढ होती आणि केंद्रं अनुभवी होती. सहा महिन्यांच्या, कमी वजनाच्या बाळाला भूल देण्याची सोय जिथे पक्की नाही, तिथे हा आकडा दाखवून घाई करू नये. सर्जनला विचारायचं ते हे: मऊ टाळूचा स्नायू मागे नेऊन जोडता का, आणि बाजूचं हाड किती उघडं ठेवता? फरलोची झेड पद्धत असो किंवा स्नायूची वेगळी जोडणी, उघडं हाड जितकं कमी तितकं पुढे बरं.

थोडक्यात क्रम असा: जन्मानंतर दोन आठवड्यांत दुभंगलेल्या ओठ-टाळूवर उपचार करणाऱ्या टीमची भेट आणि पट्टी किंवा नॅम, तीन ते सहा महिन्यांत ओठ, नऊ ते बारा महिन्यांत टाळू, त्याच वेळी कानांत पाणी साचलंय का ते पाहून गरज असल्यास ग्रोमेट (त्या पाण्याला वाट देणारी छोटी नळी), दीड-दोन वर्षांपासून बोलण्यावर लक्ष. हिरडीत फट असेल तर आठ ते अकराच्या दरम्यान, सुळा उतरण्याआधी, कमरेच्या हाडाचा चुरा तिथे भरतात. जबड्याचं मोठं ऑपरेशन लागलंच, तर वाढ थांबल्यावर. सरकारी मार्गाने जायचं असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू येतात, आणि स्माइल ट्रेन या सेवाभावी संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत ऑपरेशन मोफत होतं. खर्चाच्या भीतीने कुठलाही निर्णय घेऊ नका. फक्त ओठाची फट आहे म्हणून गर्भ पाडायचा सल्ला कुणी दिला असेल, तर आधी क्लेफ्टचं, म्हणजे दुभंगलेल्या ओठ-टाळूचं, काम करणाऱ्या सर्जनला भेटा.

आत्ता करायचं ते एवढंच. फीटल मेडिसिनच्या, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या तपासणी-उपचारांच्या, डॉक्टरांकडून पुन्हा सोनोग्राफी करून घ्या आणि स्पष्ट विचारा: हिरडीत फट आहे का, हनुवटी लहान आहे का, पडजीभ दिसते का? बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी झाली नसेल तर करून घ्या. फट एकटीच आहे की आणखी काही सापडतंय, यावर गुणसूत्रांच्या तपासणीचा निर्णय ठरेल. तुमच्या किंवा यजमानांच्या खालच्या ओठावर जन्मापासून दोन बारीक खळगे असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण एका आनुवंशिक प्रकाराची ती खूण असते आणि मग पुढच्या मुलाचा धोका खूप वाढतो. तसं काही नसेल तर पुढच्या खेपेला हा धोका साधारण तीन ते पाच टक्के धरतात.

दूध पाजण्याची तयारी मात्र बाळंतपणाआधीच हवी, कारण पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. फक्त ओठ दुभंगला असेल तर बाळ बहुधा अंगावर पितं. स्तनाचा मऊ भाग फट बुजवतो. टाळूही दुभंगली असेल तर तोंडात ओढ निर्माण होत नाही. बाळ तासभर चोखतं, दमतं आणि उपाशी झोपतं. अशा वेळी दूध काढून दाबता येणाऱ्या मऊ बाटलीने, वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजा. बाळाला जवळजवळ बसवून धरा, धार गालाच्या आतल्या बाजूला सोडा, बाळ गिळेल तेव्हाच दाबा. बोंडलं वापराल तर ते प्रत्येक वेळी उकळा. नाकातून थोडं दूध आलं तर घाबरू नका, थांबा, पुसा, पुन्हा पाजा. खोकला, निळेपणा आला तर मात्र लगेच डॉक्टर. एक पाजणं अर्ध्या तासात उरकायला हवं, आणि मधून दोन-तीनदा ढेकर काढा, कारण ही बाळं हवा खूप गिळतात. पहिल्या आठवड्यानंतर दर किलोमागे दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे तीन किलोच्या बाळाला आठ वेळा मिळून ४५० मिलिलिटर. दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून यावं, मग रोज २० ते ३० ग्रॅम वाढावं. आठवड्याला एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करा. बाळंतपण जिथे ठरलंय तिथल्या बालरोगतज्ज्ञांना आत्ताच भेटून विचारा, की पहिलं दूध कोण आणि कशाने पाजणार. नुसती टाळू दुभंगली आहे म्हणून बाळाच्या नाकात नळी घालून ठेवणार असतील, तर श्वासाचा किंवा गिळण्याचा दुसरा काही त्रास आहे का, ते विचारा. नसेल तर नळीची गरज नसते.